लेपर्ड गेकोची टाकी: ऊब किती, कुठे आणि कशी द्यायची

लेपर्ड गेको म्हणजे पालीसारखा दिसणारा, घरात पाळला जाणारा प्राणी. त्याच्या टाकीत अमुक एक तापमान ठेवा, एवढाच सल्ला मिळाला तर तो अर्धवट समजा. या प्राण्याला सगळीकडे सारखं तापमान नको असतं. एका टोकाला चांगलं गरम, दुसऱ्या टोकाला गार आणि मधे हळूहळू उतरत जाणारी ऊब, अशी जागा त्याला लागते. अंग तापवायचं असेल तेव्हा तो गरम टोकाला येतो, पुरे झालं की गार बाजूला सरकतो. ही ये-जा त्याला करता आली पाहिजे. ती सोय नसेल तर कितीही महागडं सामान लावा, काही उपयोग नाही.

आधी आकडे. दिव्याखालच्या दगडाचा पृष्ठभाग ३४ ते ३६ अंश सेल्सियस. गरम बाजूच्या हाइडमध्ये, म्हणजे लपायच्या जागेत, जमिनीलगत ३१ ते ३३. गार टोकाला २२ ते २५. रात्री सगळी टाकी २० अंशांपर्यंत उतरली तरी धडधाकट, मोठ्या गेकोला त्रास होत नाही. अमेरिकेतल्या सामानावर फॅरनहाइट छापलेलं असतं. तिथे ३२ म्हणजे साधारण ९० आणि २४ म्हणजे ७५ धरा.

हे आकडे त्याच्या मूळ मुलखातून आलेत. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ भागात हा दिवसा दगडाखाली, कपारीत दडून बसतो आणि तिन्हीसांजेला बाहेर पडतो, तेव्हा दिवसभर तापलेले दगड अजून गरम असतात. घरातल्या पालीसारख्या चिकट गाद्या त्याच्या बोटांना नसतात, त्यामुळे काचेवर तो चढत नाही. त्याचं सगळं आयुष्य जमिनीवर जातं. म्हणून टाकीच्या वरच्या भागात हवा किती गरम आहे याला फारसा अर्थ नाही. त्याच्या पोटाखाली आणि पाठीवर किती ऊब आहे ते मोजायचं.

याच कुळातले युब्लेफॅरिस फस्कस आणि २०१४ मध्ये नोंद झालेला युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस हे गेको आपल्याकडे रानात राहतात. त्यांना रानातच राहू द्या, पकडून आणू नका. इथली माहिती पैदास केलेल्या लेपर्ड गेकोसाठी आहे, आणि ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, जर्मनीसारख्या थंड देशांत तो पाळणाऱ्या घरांना ती जास्त उपयोगी पडेल. भारतात असाल तर कोणताही सरपटणारा प्राणी घेण्याआधी वनखात्याकडे नियम विचारून घ्या.

टाकीची मांडणी

एका मोठ्या गेकोला ९० सेंटीमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच टाकी हवी. लांबी कमी असली की गरम आणि गार ही दोन टोकं वेगळी राहतच नाहीत. तीस-चाळीस सेंटीमीटरच्या डब्यात दिवा लावला की सगळा डबा तापतो आणि गेकोला पळायला जागा उरत नाही.

तापवायचं सगळं सामान एकाच टोकाला लावा. दोन्ही टोकांना ‘थोडं थोडं’ लावू नका. हाइड तीन ठेवा: एक गरम टोकाला, एक गार टोकाला आणि ओलं मॉस (शेवाळ) घातलेलं तिसरं मधे, गरम बाजूकडे झुकतं. या तिसऱ्यात तो कात टाकतो. ते गार कोपऱ्यात ठेवलं तर आत ओल आणि गारठा दोन्ही साठतात, आणि त्यातूनच छातीचे आजार सुरू होतात. ओलं हाइडच नसेल तर बोटांच्या टोकांना जुनी कात अडकून राहते, आवळत जाते आणि शेवटी बोट झडतं.

दिव्याखाली एक सपाट दगड ठेवा. स्लेटची लादी उत्तम. आपल्याकडच्या कडप्प्यासारखी काळपट आणि पातळ असते, लवकर तापते आणि दिवा बंद झाल्यावरही काही वेळ ऊब धरते. दगड थेट टाकीच्या तळावर टेकवा, मातीवर तरंगत ठेवू नका. गेको खालची माती उकरतो आणि वरचा दगड त्याच्यावरच बसतो.

दिवा की मॅट?

शक्य असेल तर दिवसाची ऊब वरून, हॅलोजन दिव्याने द्या. हॅलोजनची उष्णता कातडीखाली खोलवर पोचते, दगडही तापवते, आणि दिवस-रात्र असा फरकही पडतो. दिवा दगडापासून २५ ते ३० सेंटीमीटर उंच आणि खोली २० ते २२ अंशांवर असेल तर ५० वॉटपासून सुरुवात करा. कमी पडला तर ७५ वॉटचा लावा. टाकीवर जाळीचं झाकण असेल तर जाळी थोडी उष्णता अडवते, हेही हिशेबात धरा. दिवा टाकीच्या आत असेल तर त्याभोवती तारेचा पिंजरा हवाच.

हीट मॅट ही खालून ऊब देणारी पातळ चादर. तिचा उपयोग गरम हाइडची जमीन उबदार ठेवायला होतो. तिने टाकीतली हवा तापत नाही, त्यामुळे थंड देशातल्या हिवाळ्यात फक्त मॅटवर भागत नाही. मॅट टाकीच्या तळाचा जास्तीत जास्त एक तृतीयांश भाग व्यापेल इतकीच घ्या.

काचेच्या टाकीला मॅट बाहेरून, तळाखाली लावतात. टाकीच्या चारही कोपऱ्यांना रबराचे पाय लावून ती साधारण एक सेंटीमीटर उचला. टाकी टेबलाला चिकटून बसली की मॅटची उष्णता कोंडते, काच एकाच जागी फार तापते आणि एखाद्या दिवशी तडकते. मॅट दुमडू नका, कापू नका. आतली माती मॅटच्या वर एक सेंटीमीटरपेक्षा जाड नको. पाच-सहा सेंटीमीटर वाळू टाकली की ती रजईचं काम करते: वर गेको गारठलेला आणि खाली काच भाजून निघतेय. लाकडी पेटी असेल तर खालून लावलेल्या मॅटची ऊब लाकूड अडवून धरतं. तिथे सरळ वरून दिवा लावा.

बाजारात मिळणारे ‘हीट रॉक’, म्हणजे आत तार घातलेले नकली दगड, घेऊच नका. ते एखाद्या ठिकाणी प्रचंड तापतात आणि गेको त्यावर पसरून बसलेला असतो. पोट भाजून आलेल्या गेकोंमागे हेच कारण वारंवार सापडतं.

थर्मोस्टॅट आणि त्याचा प्रोब

थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरवलेलं तापमान धरून ठेवणाऱ्या यंत्राशिवाय, एकही तापवणारी वस्तू लावायची नाही, यात सूट नाही. मोकळी सोडलेली मॅट काचेला ४५ अंशांच्या वर सहज नेते. मॅटला साधा चालू-बंद थर्मोस्टॅट चालतो. हॅलोजनला मात्र डिमिंग, म्हणजे दिवा हळूहळू मंद-प्रखर करणारा, थर्मोस्टॅटच हवा, कारण चालू-बंदवाल्यावर दिवा सारखा लागत-विझत राहतो, गेको बिथरतो आणि बल्बही लवकर जातो. सिरॅमिक हीट एमिटर किंवा डीप हीट प्रोजेक्टर (हे उजेड न देता ऊब देतात) लावणार असाल तर त्यांच्या पाकिटावर कोणता थर्मोस्टॅट चालतो ते लिहिलेलं असतं. सिरॅमिकला सहसा पल्स प्रकारचा, म्हणजे वीज छोट्या छोट्या झटक्यांनी देणारा, जोडतात. सिरॅमिकचा होल्डरही चिनी मातीचाच घ्या. प्लास्टिकचा वितळतो.

आता प्रोब, म्हणजे थर्मोस्टॅटच्या वायरच्या टोकाला असलेला तापमान ओळखणारा तुकडा. निम्म्याहून जास्त गोंधळ इथेच होतो. थर्मोस्टॅटला टाकीतलं बाकी काही कळत नाही; प्रोब जिथे आहे तिथलंच तापमान तो धरून ठेवतो. समजा प्रोब गरम हाइडच्या जमिनीवर ठेवलाय. गेकोने रात्री तो ओढून गार कोपऱ्यात नेला, की थर्मोस्टॅटला वाटतं टाकी २४ अंशांवर आहे. मग तो मॅट पूर्ण जोरात चालू ठेवतो आणि गरम हाइडचा तवा होतो.

म्हणून मॅटसाठी प्रोब टाकीच्या बाहेर, मॅट आणि काच यांच्या मधोमध दाबून बसवावा हे उत्तम. तिथे गेकोचा पाय पोचत नाही. फक्त एक हिशेब करावा लागतो. बाहेर जितकं तापमान असतं त्यापेक्षा आत, मातीच्या वर, थोडं कमी भरतं. थर्मोस्टॅट ३२ वर ठेवा, तीन-चार तास थांबा आणि हाइडच्या आतली जमीन मोजा. आत २९ आलं तर थर्मोस्टॅट ३५ वर न्या आणि पुन्हा तितकंच थांबून मोजा. एका वेळी दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फिरवू नका. डायलवरचा आकडा काय आहे याची काळजी करू नका, आतली जमीन ३१ ते ३३ मध्ये आली की काम झालं.

दिव्याच्या थर्मोस्टॅटचा प्रोब दगडाच्या कडेशी, दिव्याच्या झोतात पक्का बसवा. वायर क्लिपांनी अडकवा. टाकीच्या आत चिकटपट्टी अजिबात वापरू नका. गेकोची कातडी पातळ असते, पट्टीला चिकटली तर सोडवताना सोलून निघते.

मोजायचं कसं

काचेवर चिकटवायचे गोल काट्याचे थर्मामीटर विसरा. ते काचेजवळची हवा मोजतात आणि तीही धड नाही. दोन वस्तू घ्या: प्रोबवाले दोन डिजिटल थर्मामीटर, गरम आणि गार टोकाला एकेक कायमचे, आणि दगडाच्या पृष्ठभागाचं तापमान लांबून मोजायला इन्फ्रारेड गन. गन दगडापासून पंधरा-वीस सेंटीमीटरवर धरा, आणि झाकण उघडून धरा. काचेतून रोखलीत तर ती काचेचंच तापमान सांगते. गनचा लाल ठिपका जिथे दिसतो त्याच्या आसपासचं वर्तुळ ती मोजते. जितक्या लांबून धराल तितकं वर्तुळ मोठं आणि आकडा ढोबळ.

गेको घरी आणण्याआधी टाकी किमान दोन-तीन दिवस रिकामी चालवा. सकाळी दिवा लागल्यावर दोन तासांनी, भर दुपारी आणि पहाटे, अशा तिन्ही वेळा आकडे लिहून ठेवा. घरातलं हीटिंग रात्री बंद होत असेल तर पहाटेचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. दिवा टायमरवर ठेवा: बारा तास चालू, बारा बंद, हिवाळ्यात दहा तासही चालतो.

रात्री उजेड नको. लाल किंवा निळा ‘नाइट बल्ब’ लावू नका, त्याने अंधार मोडतो. खोली रात्री १८ अंशांच्या खाली जात असेल तरच उजेड न देणारा सिरॅमिक एमिटर किंवा डीप हीट प्रोजेक्टर लावा आणि त्याचा थर्मोस्टॅट २० वर ठेवा. पिल्लू किंवा आजारी गेको असेल तर थोडं वर, २२ ते २४.

गेकोकडे बघून काय ओळखायचं

तो सतत गार कोपऱ्यात बसतोय आणि गरम हाइडकडे फिरकतही नाही, तर गरम बाजू फार तापलीय. लगेच गन घेऊन मोजा. उलट, चोवीस तास गरम हाइडमध्येच, बाहेर येतच नाही आणि खाणंही कमी झालंय, तर एकूण टाकी थंड आहे. विष्ठेत खायला दिलेले रातकिडे किंवा मिलवर्म (एक प्रकारच्या अळ्या) जवळपास अख्खे दिसले किंवा खाल्लेलं उलटून पडलं, तरी पहिला संशय तापमानावरच घ्या. खाल्लेलं पचवायला त्याला पोटाखाली ऊब लागते. तापमान दुरुस्त होईपर्यंत खायला देऊ नका. शेपटी बारीक होत चालली असेल, तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल किंवा पोटावर लालसर, फोडासारखा डाग दिसला, तर घरी प्रयोग नकोत. सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर गाठा.

उन्हाळ्यात प्रश्न उलटा होतो. थर्मोस्टॅट तापवणं थांबवू शकतो, गार करू शकत नाही. खोलीच ३० अंशांच्या वर गेली की दिवा बंद ठेवा, टाकी खिडकीच्या उन्हातून हलवा, खोलीत पंखा किंवा एसी लावा. फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली गार टोकाच्या झाकणावर ठेवली तर तेवढा कोपरा उतरतो. गार टोकाला ३० च्या वर जाऊ देऊ नका.

वीज

वायर प्लगकडे जाताना आधी खाली झोळ पडेल अशी सोडा, म्हणजे पाणी वायरवरून ओघळलं तरी प्लगमध्ये शिरत नाही. एक्सटेंशन बोर्ड टाकीच्या खाली जमिनीवर ठेवू नका, भिंतीवर लावा. दिव्याजवळ पडदा, कागद, गवत नको.

देश बदलताना जुनं सामान सोबत नेताय? अमेरिका-कॅनडातली मॅट १२० व्होल्टची, ब्रिटन-युरोपातली २३० ची. १२० ची मॅट नुसता प्लग बदलून २३० वर लावली तर ती दुप्पट नाही, जवळजवळ चौपट ताकदीने तापते, आणि आग लागू शकते. उलट केलं तर मॅट कोमटही होत नाही. तापवणारी वस्तू नव्या देशात नवीच घ्या.

थर्मोस्टॅट बिघडतो तेव्हा कधी पूर्ण बंद होतो, कधी पूर्ण चालू राहतो. दुसरा प्रकार जीवघेणा. म्हणून कमी-जास्त तापमानाला वाजणारा गजर असलेला थर्मामीटर गरम टोकाला ठेवा आणि वरची मर्यादा ३८ वर लावा.

वीज गेली तर घाबरू नका. टाकीभोवती घोंगडी गुंडाळा, हवेसाठी वरची एक बाजू मोकळी ठेवा. कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून गरम हाइडला टेकवा आणि गार झाली की बदला. खायला काही देऊ नका. खोली १८ अंशांच्या आसपास राहिली तर मोठा गेको एक दिवस निभावतो. वीज आल्यावर गरम बाजू पुन्हा ३२ वर येऊन एक दिवस जाऊ द्या, मग खायला घाला.