डीव्हीची (घरगुती हिंसाचाराची) केस टाकताय? पोटगीबरोबर नुकसानभरपाई पण मागा

मावसबहिणीच्या केसपायी दोन वर्षं कोर्टाच्या चकरा मारल्यात म्हणून लिहितेय. तिच्या अर्जात पोटगी होती, राहायला घर होतं, पण मारहाणीची भरपाई मागितलीच नव्हती, आणि ती वेगळी मागावी लागते हे आम्हाला तरी कुठे माहीत होतं. नंतर दुरुस्तीचा अर्ज देऊन घातली, त्यात चार तारखा गेल्या.

तर २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात पैसे दोन जागी आहेत. कलम २० म्हणजे खर्चाचे पैसे, पोटगी, दवाखान्याचं बिल, बुडालेला पगार, फोडलेलं सामान वगैरे. कलम २२ म्हणजे नुकसानभरपाई, शरीराला झालेल्या इजेची आणि मानसिक छळाची सुद्धा. एक मिळालं म्हणून दुसरं बंद होत नाही. अर्जाच्या शेवटी विनंतीचा भाग असतो (वकील त्याला प्रेयर म्हणतात), तिथे कलम २२ आणि रक्कम लिहिलीय का ते बघूनच सही करा.

अर्ज कलम १२ खाली मॅजिस्ट्रेट कोर्टात. तुम्ही माहेरी आलात तर तिथल्या कोर्टात पण चालतो, सासरच्या गावाला जायची गरज नाही. फक्त बायकोच नाही, आई, बहीण, मुलगी, लग्नासारखी एकत्र राहिलेली बाई, सगळ्यांना टाकता येतो, आणि सासू-नणंदेवर पण टाकता येतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईला तिथे फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. संरक्षण अधिकाऱ्याकडे (या कायद्यासाठी नेमलेला सरकारी अधिकारी) घटनेचा अहवाल भरून घ्या, तो पण फुकटच.

आता पुरावे, इथेच सगळं अडतं. मार खाल्ल्यावर आपण घरी हळद लावून गप्प बसतो आणि वर्षाने कोर्ट विचारतं कागद कुठाय. सरकारी दवाखान्यात जा आणि "पडले" सांगू नका, कोणी मारलं ते केसपेपरवर लिहून घ्या. पोलिसांनी नुसती एनसी (अदखलपात्र तक्रार) घेतली तरी तिची कॉपी ठेवा. व्हॉट्सॲपचे मेसेज डिलीट करू नका, नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३ चं सर्टिफिकेट जोडावं लागतं, ते वकिलाला आठवणीने सांगा. नोकरी सुटली असेल तर जुन्या पगाराच्या स्लिपा, मानसोपचाराची बिलं, सगळं एका फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावा.

किती मागायचे? तक्ता काही नाही. २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने एका बाईची ३ कोटींची भरपाई कायम ठेवली, पण ती माणसं बड्या घरची होती, आपल्याकडे तो आकडा धरून बसू नका. छळ किती वर्षं, कसला, आणि समोरच्याची ऐपत, यावर ठरतं. म्हणून दोघांनाही मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, त्याचं नीट वाचा, आमच्या भाऊजींनी एक प्लॉट गाळला होता.

कायदा म्हणतो ६० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करा, प्रत्यक्षात वर्षं जातात. तोवर कलम २३ खाली अंतरिम पोटगी मागा, भरपाई मात्र बहुतेक शेवटीच मिळते. निकाल पटला नाही तर ३० दिवसांत सेशन्स कोर्टात अपील.

आणि मिडिएशनमध्ये (तडजोडीच्या बैठकीत) बसलात तर कागदावर "यापुढे कोणताही दावा राहणार नाही" अशी ओळ असते. भरपाईची रक्कम त्यात धरली नसेल तर तिथेच थांबा, घरी नेऊन वाचते म्हणा. आमच्यावेळी नातेवाईक "उरक आता" म्हणत होते, बहिणीने पेन खाली ठेवलं, पुढच्या तारखेला आकडा वाढून आला.