निष्कर्षाकडून निकषाकडे

मानवी घटकांचे शास्त्र, म्हणजे यंत्रे आणि साधने माणसाच्या क्षमतांना साजेशी कशी घडवावीत याचे शास्त्र, शिकून सॉफ्टवेअर बनवणाऱ्या चमूत पहिल्यांदाच दाखल होणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. कार्य-विश्लेषण कसे करावे, वापरकर्त्याचे निरीक्षण कसे नोंदवावे, प्रोटोटाइपची चाचणी कशी घ्यावी, हे तुम्हाला येते असे मी गृहीत धरते. मला जे येत नव्हते आणि कोणत्याही अभ्यासक्रमात सापडले नाही, ते वेगळेच होते: आपल्याला जे कळले ते प्रत्यक्ष स्क्रीनवर कसे उतरवायचे. त्या एका अज्ञानाची किंमत मी दोन वर्षे मोजली.

माझे पहिले मोठे काम रुग्णालयातील वॉर्डात औषधे दिल्याची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचे होते. तीन आठवडे मी वेगवेगळ्या पाळ्यांमध्ये वही घेऊन परिचारिकांसोबत उभी राहिले आणि तेथे एक गोष्ट पुनःपुन्हा पाहिली. एका रुग्णाची नोंद अर्धी भरलेली असताना कोणीतरी हाक मारी, परिचारिका संगणक तसाच सोडून जाई, परत येई तेव्हा तिच्या मनात दुसराच रुग्ण असे, आणि स्क्रीनवर मात्र पहिल्याचीच नोंद उघडी असे. रुग्णाचे नाव फक्त पानाच्या माथ्यावर होते. पान खाली सरकवले की ते दिसेनासे होई. एकाचे औषध दुसऱ्याच्या नावावर नोंदले जाण्यासाठी याहून अधिक काही घडावे लागत नाही.

मी अहवाल लिहिला. तो चाळीसहून अधिक पानांचा होता आणि त्यात साठेक निष्कर्ष होते. वरील निरीक्षण त्यात कोठेतरी मध्यावर, ‘रुग्णाची ओळख अधिक ठळक असावी’ या एका ओळीत आले होते. चमूने अहवाल वाचला, मनापासून आभार मानले, आणि त्यातून बटणांचे रंग, मजकुरातील शब्द, अक्षरांचा आकार अशा एका दुपारीत उरकणाऱ्या गोष्टी उचलल्या. माझ्या त्या ओळीसाठी डेव्हलपरने रुग्णाचे नाव ठळक अक्षरांत केले. मी लिहिले होते तेच त्याने केले; नाव ठळक झाले आणि पूर्वीसारखेच पानाबरोबर सरकून नाहीसे होत राहिले. रिलीजनंतर चुकीच्या रुग्णाच्या नावावर नोंदी झाल्याच्या तक्रारी येऊ लागल्या, तेव्हा बैठकीत उपाय सुचवला गेला तो परिचारिकांना पुन्हा प्रशिक्षण देण्याचा. त्या बैठकीत मी गप्प बसले. ते मौन मला आजही टोचते.

ते टोचते, कारण आपल्या शास्त्राचा पायाच मुळी याच्या उलट आहे. 1947 मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी ‘वैमानिकाची चूक’ म्हणून नोंदलेले 460 अनुभव तपासले. नियंत्रणांची मांडणी आणि त्यांचे एकमेकांशी असलेले साम्य यांमुळे हात चुकीच्या कळीवर पडत होता, हे त्यातून दिसले. त्याच्या काही वर्षे आधी, बी-17 या बॉम्बफेकी विमानातील चाकांची आणि फ्लॅपची (पंखांवरील हलत्या पट्ट्यांची) शेजारी असलेली, सारखीच वाटणारी नियंत्रणे वेगळी ओळखता यावीत म्हणून मानसशास्त्रज्ञ अल्फोन्स चापानिस यांनी त्यांना वेगवेगळे आकार दिले होते, चाकांच्या नियंत्रणाला चाकासारखा आणि फ्लॅपच्या नियंत्रणाला पाचरीसारखा. हे सारे मला परीक्षेपुरते पाठ होते. बैठकीत मात्र ते ओठांवर आले नाही, कारण माझ्या हातात चमूच्या भाषेत बोलणारे काहीच नव्हते.

आता मी ज्या सापळ्यात अडकले होते त्याविषयी सविस्तर लिहिते. हा भाग लांबला तरी चालेल. आपण निष्कर्ष लिहितो आणि चमू निकषांवर चालतो. निष्कर्ष हे जगाविषयीचे विधान असते: वापरकर्ते गोंधळतात, नाव दिसत नाही, पायऱ्या फार आहेत. त्याच्याशी सहमत होता येते आणि तरीही काहीच न करता पुढे जाता येते. निकष हे उत्पादनाविषयीचे असे विधान असते, जे खरे आहे की खोटे हे टेस्टरला, म्हणजे तयार सॉफ्टवेअर तपासणाऱ्याला, ठरवता येते आणि जे खोटे ठरले तर काम पूर्ण झाले असे म्हणता येत नाही. माझी ती ओळ याहूनही वाईट होती, कारण ती निष्कर्षही नव्हती आणि निकषही नव्हती. तो निष्कर्षाच्या वेषातला एक अर्धवट उपाय होता. ‘ठळक असावी’ असे लिहून मी समस्या गिळून टाकली होती. व्यत्यय, स्मृती, परत येणे, सरकणारे पान, यांतले काहीच त्या शब्दांत उरले नव्हते.

पुढच्या आवृत्तीच्या वेळी तीच गोष्ट मी अशी लिहिली: ‘नोंद अर्धवट असताना दोन मिनिटे अन्य काम करून परतलेल्या परिचारिकेला, पान कोठेही सरकवलेले असले तरी, कोणत्याही कळीला हात न लावता सांगता आले पाहिजे की उघडी असलेली नोंद कोणाची आहे, तसे न झाल्यास एका रुग्णाचे औषध दुसऱ्याच्या नावावर नोंदले जाऊ शकते.’ वापरणारी व्यक्ती, तिची परिस्थिती, तिला काय जमले पाहिजे आणि न जमल्यास कोणाला इजा होते, हे सगळे त्यात आहे. रंग, जागा, आकार यांविषयी अवाक्षरही नाही. हे वाचल्यावर डेव्हलपरने विचारले, “दोनच मिनिटे का? आणि मध्येच सत्र संपले तर काय दाखवायचे?” माझ्या अहवालावर असा प्रश्न कधी कोणी विचारला नव्हता. त्या प्रश्नांतूनच पुढचे डिझाइन घडले, आणि ते मी सुचवले असते त्यापेक्षा चांगले होते.

निकष कोठे लिहायचा, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. ‘वापरसुलभतेत सुधारणा’ असे वेगळे तिकीट, म्हणजे चमूच्या यादीतली कामाची नोंद, कधीही काढू नका. असे तिकीट बॅकलॉगच्या, म्हणजे करायच्या राहिलेल्या कामांच्या यादीच्या, तळाशी जाते आणि तेथेच राहते. निकष मूळ कामाच्याच तिकिटात, त्याच्या स्वीकृती निकषांत (काम पूर्ण मानण्याच्या अटींत) लिहिला गेला पाहिजे, म्हणजे नोंदणीचा स्क्रीन त्याच्याशिवाय ‘पूर्ण’ ठरणार नाही. यासाठी प्रॉडक्ट मॅनेजरशी तुमचे दोनदा तरी वाजेल. वाजू द्या.

याच पद्धतीने आणखी एक गोष्ट सुटली. आमच्या स्क्रीनवर बटण दाबताक्षणी ‘नोंद झाली’ असा संदेश येई, सर्व्हरने ती स्वीकारलेली असो वा नसो. डेव्हलपरना हे क्षुल्लक वाटत होते. मग मी त्यांना 28 मार्च 1979 रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात काय झाले ते सांगितले. तेथे दाब कमी करणारी एक झडप उघडी अडकली होती. पण नियंत्रण कक्षातील दिवा झडपेची स्थिती दाखवत नव्हता, तिला बंद होण्याचा संदेश गेला आहे एवढेच दाखवत होता. दिवा विझलेला पाहून झडप बंद आहे असे चालकांनी मानले, आणि शीतक पाणी दोन तासांहून अधिक काळ वाहून जात राहिले. आज्ञा दिली जाणे आणि ती पाळली जाणे यांतला हा फरक ऐकल्यावर एका डेव्हलपरने त्याच दिवशी संदेशाचे तर्कशास्त्र बदलले. अभियंते कार्यकारणभाव लगेच ओळखतात. आपण त्यांना बहुधा मतेच देत असतो.

सोप्या वाटणाऱ्या पण चुकीकडे नेणाऱ्या आडवाटांविषयी माझी मते कठोर आहेत. पाच वापरकर्त्यांवर चाचणी घेतली की 85 टक्के दोष सापडतात, हे वाक्य तुम्हाला पहिल्याच महिन्यात ऐकवले जाईल. त्यामागचे गणित प्रत्येक वापरकर्त्याला सरासरी 31 टक्के दोष भेटतात या गृहीतकावर उभे आहे. जो दोष शंभरांतून पाच जणांनाच भेटतो, तो पाच जणांच्या चाचणीत दिसण्याची शक्यता साधारण 23 टक्केच असते, आणि जीवघेणे दोष बहुतेकदा याच जातीचे असतात. वैद्यकीय उपकरणांच्या अंतिम वापर-चाचणीसाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक वापरकर्ता-गटामागे किमान 15 जण सुचवले आहेत, ते उगाच नव्हे. रचना सुधारत असताना पाच जण पुरतात. सुरक्षिततेची ग्वाही देताना पुरत नाहीत.

दुसरी आडवाट म्हणजे सावधानतेचा पॉपअप. कोणताही धोका दाखवला की ‘एक सूचना टाकू’ असे उत्तर येते. थेरॅक-25 या किरणोपचार यंत्रावर 1985 ते 1987 या काळात झालेल्या सहा ज्ञात अपघातांची हकीकत प्रत्येकाने एकदा मुळातून वाचावी. ते यंत्र ‘मालफंक्शन 54’ असे काहीही न सांगणारे संदेश देई, असे संदेश दिवसातून अनेकदा येत, आणि एक कळ दाबून पुढे जाण्याची चालकांना सवय झाली होती. ज्या सूचनेला माणूस सरावतो ती त्याचे रक्षण करत नाही. अपघातानंतर दोष मात्र त्याच्याच माथी येतो.

मार्गदर्शक शोधताना पदव्या पाहू नका. मला सर्वाधिक शिकवले ते मदतकक्षात दूरध्वनी घेणाऱ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने आणि चमूतील टेस्टरने. पहिल्याला लोक कोठे अडखळतात हे तारीखवार ठाऊक होते, आणि दुसरीने माझे प्रत्येक वाक्य ‘हे मी कसे तपासू?’ असे विचारून परत पाठवले. आपल्याच शाखेतील ज्या वरिष्ठांकडे मी सल्ल्यासाठी जाई, त्यांनी मला सुंदर अहवाल लिहायला शिकवले.

वेळेविषयी थोडक्यात: निरीक्षण आणि कार्य-विश्लेषण बांधणीच्या किमान एक स्प्रिंट (चमूच्या कामाचा ठरावीक मुदतीचा टप्पा) पुढे असले पाहिजे, आणि बांधलेल्या भागाची चाचणी एक स्प्रिंट मागे. दोन्ही एकाच स्प्रिंटमध्ये कोंबू पाहाल तर दोन्ही वाया जातील.

पहिल्या वर्षी तुम्हाला उशिरा बोलावले जाईल, रंग निवडणारी व्यक्ती समजले जाईल, आणि तुम्ही दाखवलेला धोका रिलीजच्या तारखेपुढे हरेल. हे तुमच्या कुवतीचे मोजमाप नाही. मी हे सगळे सोसले आहे आणि अजूनही या कामात आहे. मात्र हरलेला प्रत्येक निकष तारखेसह आणि निर्णय घेणाऱ्याच्या नावासह लिहून ठेवा. ते नवे डिझाइन प्रत्यक्षात येण्याआधी माझा दोन मिनिटांचा निकषही एकदा हरला होता. पुढच्या तक्रारीच्या वेळी टेस्टरने ते जुने तिकीट बैठकीत उघडले, प्रशिक्षणाचा विषय मागे पडला, आणि सात आठवड्यांनी आम्ही पुन्हा वॉर्डात चाचणी घेतली. परिचारिकेला अर्ध्या नोंदीवरून उठवले, दोन मिनिटांनी परत बसवले. तिने स्क्रीनकडे पाहिले, रुग्णाचे नाव मोठ्याने वाचले, “हा नव्हे,” म्हणाली आणि नोंद बदलली.