मक्यावरील लष्करी अळी: फवारणी वाया घालवणाऱ्या या चुका टाळा

मक्याची पाने फाटलेली दिसताच पंप पाठीवर चढवणे ही लष्करी अळीच्या बंदोबस्तातील सर्वांत महागडी चूक आहे. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या न उलगडलेल्या पानांच्या सुरळीत, गुंडाळलेले असतानाच कुरतडलेले पान उलगडले की छिद्रे दिसतात. अळी मेल्यावरही अशी पाने काही दिवस बाहेर येत राहतात, आणि औषध लागू पडले नाही असे समजून पुन्हा फवारणी होते. म्हणून आधी पोंगा उघडून पाहावा. आत लाकडाच्या भुशासारखी ओलसर, ताजी विष्ठा असेल तर अळी जिवंत आहे. विष्ठा वाळलेली असेल आणि नवे पान अखंड येत असेल, तर थांबावे.

अळी सापडल्यास तिची ओळखही पटवून घ्यावी, कारण खोडकिडीचा उपाय वेगळा असतो. लष्करी अळीच्या डोक्यावर उलट्या ‘वाय’ अक्षरासारखी फिकट खूण आणि शेपटीकडील एका खंडावर चौकोनात मांडल्यासारखे चार काळे ठिपके असतात.

उशीर हा दुसरा दोष. मादी पतंग एका पुंजात साधारण १०० ते २०० अंडी घालून ती केसाळ आवरणाने झाकते. त्यातून निघालेल्या बारीक अळ्या पानाचा हिरवा थर खरवडतात आणि पांढरे, पारदर्शक चट्टे उमटतात. ५ टक्के निंबोळी अर्क उपयोगी पडतो तो याच वेळी. सहाव्या, म्हणजे शेवटच्या अवस्थेतील अळी सर्वाधिक खाते, पण तेव्हा ती विष्ठेच्या बुचाखाली दडलेली असते आणि पानांवरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. नोझल पोंग्यात रोखून, सायंकाळी फवारावे. या अळ्या एकमेकींना खात असल्याने एका पोंग्यात बहुधा एकच मोठी अळी उरते. तेव्हा अळ्या मोजण्यापेक्षा शंभरांपैकी किती झाडे बाधित आहेत ते मोजावे.

अळी एकाच औषधाला सरावू नये म्हणून औषध बदलले असे वाटते, परंतु पुष्कळदा बदलते ते केवळ डब्यावरचे नाव. घटक वाचावा: इमामेक्टिन बेंझोएटनंतर क्लोरँट्रानिलीप्रोल घेतल्यास गट, म्हणजे औषधाची अळीवर काम करण्याची रीत, खरोखर बदलतो.

मादीच्या गंधाचे आमिष लावलेल्या कामगंध सापळ्यांत केवळ नर पतंग अडकतात. सापळा धोक्याची सूचना देतो, पोंग्यातील अळीला तो काहीही करत नाही.