रोमची सरहद्द वेगळी रंगवायची तर आधी धान्याचा हिशोब मांडा

पर्यायी इतिहास लिहिणारे बहुधा लढाईला हात घालतात: ३७८ साली एड्रियानोपलला सम्राट व्हॅलेन्स जिंकला असता तर? सरहद्दीच्या फौजेसाठी ही सुरुवात कच्ची. तिला मोडलं ते थकलेल्या पगाराने. ४३९ साली व्हँडल या जर्मानिक टोळीने उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज घेतलं आणि पश्चिम रोमन साम्राज्याच्या तिजोरीचा आफ्रिकेतला वसूल बुडाला. वळण द्यायचं ते इथे द्या. कार्थेज वाचलं, असं धरा.

मग एकच ठाणं निवडा. डॅन्यूबवरचं बाटाविस, म्हणजे आजचं पासाऊ, उत्तम. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथले काही शिपाई थकलेला पगार आणायला इटलीकडे निघाले आणि वाटेत मारले गेले. नदीतून प्रेतं वाहत आली तेव्हा मागे राहिलेल्यांना कळलं.

आता हिशोब. औसा, परंड्याचा किल्ला बघताना शिबंदी खात काय असेल हा प्रश्न पडतो ना, तोच इथे. ३०० शिपाई, माणशी रोज एक किलो धान्य धरा: वर्षाला सुमारे १,१०० क्विंटल. ५० घोड्यांना रोज तीन किलो जव, म्हणजे आणखी साडेपाचशे. बियाणं आणि कुळाचं खाणं वजा जाता एकरी एक क्विंटल उरतो असं मानलं, तर साडेसोळाशे एकरांचा वसूल एका ठाण्यामागे लागतो. तो कुठून येतो ते नकाशावर दाखवा. नदीने आला तर स्वस्त. बैलगाडीने आणायचा तर बैलच वाटेत निम्मं खातील, म्हणून लांबची कोठारं टाळा.

वसूल येत राहिला तर फौज पगारी राहते. तुटला तर पगाराऐवजी जमीन द्यावी लागते. ४४३ चा पूर्व रोमन साम्राज्याचा कायदा हाताशी ठेवा: सरहद्दीवरच्या जमिनी लिमिटानेई, म्हणजे सरहद्दीवर नेमलेल्या शिपायांकडेच राहाव्यात, दुसऱ्यांनी घेतल्या असतील तर परत कराव्यात. आपल्याकडच्या चाकरीच्या इनामासारखंच. चाकरी न करता जमीन खाणारा वारस दुसऱ्या पिढीतच उभा राहतो, म्हणून दर काही वर्षांनी हजेरी घेणारा अधिकारी कथेत हवा. तो नसेल तर तिसऱ्या पिढीत तुमच्याकडे फौज नाही, नुसती भाऊबंदकी उरते.

हमखास होणारी चूक म्हणजे चौथ्या शतकातल्या लिमिटानेईंना भाला घेतलेले शेतकरी करून टाकणं. तेव्हा ते नियमित शिपाई होते. त्यांच्या तुकड्या गरजेप्रमाणे फिरत्या फौजेतही घेतल्या जात. दुसरी चूक रिकिबीची. पाचव्या शतकातल्या रोमन स्वाराला रिकीब देऊ नका, खोगिरावरच त्याला तोलून बसवा.