गोष्टीत मागं कधी जायचं आणि परत कसं यायचं

आमच्या बेळगाव भागात आता बरीच मुलंमुली कथा लिहायला लागलीत. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशी गावोगावची साहित्य संमेलनं असतात तिथं भेटतात, वही पुढं करतात, आणि अडचण बहुतेकांची एकाच जागी असते ती म्हणजे फ्लॅशबॅक, गोष्ट मध्येच थांबवून मागच्या काळात जाणं. माझीही तिथंच होती, ती सुटायला पाच-सहा वर्षं गेली, म्हणून जे कळलं ते सगळं सांगून टाकते.

माझी पहिली कथा वडगावातल्या एका विणकराच्या घराची. मुलगा बेंगळुरूहून रात्रीच्या गाडीनं येतोय कारण घरातला जुना माग भंगारात द्यायचाय. मी त्याला खिडकीशी बसवलं आणि बारा पानांतली नऊ पानं नुसतं आठवायला लावलं, आज्जी, शाळा, साड्या, वडिलांचा खोकला, सगळंच. शहापूरच्या वाचनालयात ओळख झालेल्या एका निवृत्त मास्तरांना ती वाचायला दिली. चार दिवसांनी वही परत देताना त्यांनी एवढंच विचारलं, "हा आठवायचा थांबला तर गोष्टीत काय अडतंय गं?" घरी येऊन मी ती नऊ पानं झाकून वाचलं तर काहीच अडत नव्हतं. माग विकायचा होता, विकला जात होता.

तेव्हापासून मी हे असंच तपासते. मागचा भाग हातानं झाकायचा आणि आत्ताचा भाग वाचायचा, तो जसाच्या तसा कळला तर मागचं कितीही सुंदर लिहिलेलं असू दे, ते अजून या गोष्टीचं झालेलं नाही.

दुसऱ्या खर्ड्यात गाडी काढून टाकली. कथा थेट दारात सुरू केली, भंगारवाल्याचा काटा लागलाय, लोखंड वेगळं, लाकूड वेगळं, वडील एकेक वस्तू गुमान देतायत, आणि मग एक जुना धोटा, मागावर आडवा दोरा नेणारा तो लाकडी तुकडा, उचलून मांडीखाली घेतात आणि म्हणतात, "हा द्यायचा नाही." बस्स. आता मुलालाही कळत नाही का ते आणि वाचणाऱ्यालाही नाही. हा "का" वाचणाऱ्याच्या मनात उगवला की मगच मागं जायचं, त्याआधी नेलं तर तो नुसता तुमच्यामागून चालत राहतो, कशाला चाललोय ते त्याला माहीत नसतं.

आपल्याला हे नवीन नाहीच खरं तर. वैशंपायन महाभारत सांगतात ते जनमेजयानं विचारल्यावर, आणि तो विचारतो कधी तर सर्पसत्र मांडून बसलेला असताना, वडील परीक्षित तक्षकाच्या दंशानं गेलेले असताना. एवढी मोठी मागची गोष्ट, पण तिच्या आधी पुढ्यात आग पेटलेली आहे आणि ऐकणाऱ्याचा जीव त्यात अडकलाय.

आता मागं जायचं दार. पाऊस, जुना फोटो, फुलाचा वास हे वाईट नाही पण आपलं काही असेल तर ते वापरा. वडगावात पॉवरलूमची खटखट दिवसभर चालू असली की कानाला ती ऐकू येईनाशी होते, आणि लाईट गेली की सगळी गल्ली एका दमात गप्प, मग अचानक शेजारच्या घरातलं बोलणं, पाळण्याची कडी, कुणाचं तरी हुंदके देणं असलं सगळं ऐकू यायला लागतं. मी माझ्या कथेत तेच केलं, काटा चालू असताना लाईट जाते आणि त्या शांततेत मुलाला ती जुनी रात्र ऐकू येते. वडील तापानं पडलेले, आईनं एकटीनं हातमागावर बसून साडी पुरी केली आणि त्या धोट्यावर सुरीनं एक बारीक खूण केली. मग लाईट येते, गल्लीच्या टोकाचा एक माग सुरू होतो, मग दुसरा, मग सगळेच, आणि आपण परत काट्यापाशी. "तो भानावर आला" असलं वाक्य लिहावंच लागलं नाही. ज्या दारानं गेलात त्याच दारानं परत आलात तर वाचणारा चुकत नाही, हे मला फार उपयोगी पडलेलं आहे.

सगळ्यात जास्त वेळ मात्र क्रियापदांनी खाल्ला. माझी मागची पानं अशी असायची, पाऊस आला होता, बाबा झोपले होते, आई बसली होती, दिवा लावला होता, नुसतं होता होता होता, वाचताना धाप लागायची. सिनेमात रंग बदलून भागतं, कागदावर आपल्याकडं क्रियापदच असतं. म्हणून "होता" फक्त उंबऱ्यावर वापरायचा. "त्या साली पाऊस लवकर आला होता. बाबा तापानं पडले होते." इथपर्यंत वाचणारा आत आला, आता साधा भूतकाळ घ्या, "आई उठली. तिनं दिवा लावला." आणि जे एकदाच नाही, रोजचंच घडायचं त्याला "आई पहाटे उठायची, सुताच्या कांड्या भरायची." ही तिन्ही रूपं वेगवेगळी कामं करतात. नवीन लिहिणारे यात एक घोळ करतात, रोजच्या "यायची, बसायची"मध्येच रमतात आणि ती एक रात्र, जिच्यासाठी मागं आलो, ती येतच नाही. रोजचं दोन-तीन वाक्यात उरका, त्या रात्रीला जागा द्या.

आणि आपल्या बोलीत काळ दाखवायची एक सोय आहे ती पुण्या-मुंबईच्या लेखकाकडं नाही. आमच्याकडं बायका-मुलीसुद्धा "मी आलो, मी जातो" असंच म्हणतात, मी स्वतः घरी तेच बोलतो आणि इथं "सांगते" लिहिते. एका कथेतली बहीण लग्न होऊन पुण्यात राहते, आत्ताच्या प्रसंगात ती फोनवर "मी उद्या येते" म्हणते, आणि मागच्या प्रसंगात परकराच्या वयात दारातून ओरडते, "आई, मी आलो गं!" साल लिहायची गरजच पडली नाही. बोली नुसती गंमत म्हणून घालू नका, तिच्यावर असं काम सोपवा.

सालाच्या चुका मात्र आपलेच लोक लगेच पकडतात. इंग्रजीत बेळगाव शहराचं नाव अधिकृतपणे बदललं ते 1 नोव्हेंबर 2014 ला, म्हणजे त्याआधीच्या प्रसंगात इंग्रजी पाटीवर बेळगावीचं स्पेलिंग चालणार नाही, कन्नडमध्ये मात्र ते आधीपासून बेळगावीच आहे. सुवर्णसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची बेळगावातली इमारत, तिचं उद्घाटन 2012 ला झालं. मी 1998 च्या प्रसंगात हायवेवरून जाणाऱ्या एसटीतून ती इमारत दाखवली होती आणि ती जिथं आहे त्या हलग्याच्या एका वाचकानं लगेच फोन केला, पुढची दोन पानं कशी होती ते त्यानं वाचलंच नव्हतं. मागच्या काळातल्या वस्तू घरातल्या मोठ्यांना विचारून घ्या, एसटीडी बूथ कधी होता, गॅस कधी आला, ते सांगायला त्यांना आवडतंही.

एक गोष्ट जरा जपून सांगते कारण ती आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याची आहे. सीमाभागातल्या कथेत आजोबा आले की 1956 येतंच, आणि का येऊ नये, घराघरात ते आहे. पण राज्य पुनर्रचना कशी झाली ते आजोबांच्या तोंडून दोन पानं वदवलं की तो फ्लॅशबॅक राहत नाही, भाषण होतं. त्यापेक्षा एवढंच घ्या, शेताचा उतारा कन्नडमध्ये आलाय आणि आयुष्यभर ती जमीन कसलेला म्हातारा तो कागद नातवाकडं देऊन म्हणतो, "माझं नाव कुठं आहे ते बोट ठेवून दाखव." आता मागं जा, तो मोडीत सही करायचा त्या दिवसात जा. मला तरी हे वाचताना गळ्याशी येतं.

शेवटी कथाकथनाचं. माझी धोट्याची कथा एका गावच्या संमेलनात सांगितली, पुढं सगळ्या शेतातून आलेल्या बायका बसलेल्या. तोंडी सांगताना पान उलटून मागं बघता येत नाही, म्हणून मागं जाताना मी आवाज खाली आणला आणि एक पाऊल बाजूला सरकून उभी राहिले, परत येताना मूळ जागी. ते त्यांना बरोबर कळलं. पण त्या रात्रीत मी आणखी आत गेले, आईला विणायला शिकवणारी आज्जी, तिचं माहेर, तिची आई. पुढच्या रांगेतली एकजण शेजारणीला विचारायला लागली, "हे आत्ताचं की त्याच्या आधीचं?" आणि तिथून माझ्या हातून सभा सुटली ती कथेतली लाईट येईपर्यंत. महाभारतातच बघा, नैमिषारण्यात सौती नावाचा कथेकरी ऋषींना वैशंपायनांचं सांगणं सांगतो, त्यात आणखी गोष्टी, ते टिकलं कारण प्रत्येक गोष्ट कोण कुणाला सांगतंय हे पक्कं आहे. माझ्याकडं आज्जीची गोष्ट विचारणारं कुणी नव्हतंच.

आज्जीचा भाग मी काढला. तो वेगळ्या वहीत ठेवलाय आणि यंदा त्याचीच कथा लिहायला घेतलीय, ती सुरू होते आज्जी सतरा वर्षांची आहे आणि पहिल्यांदा मागावर बसतेय तिथून, आणि अजून तरी मला कुठंच मागं जावं लागलेलं नाही.