गाडी थरथरते? आधी चिखल खरवडा
पिकअप ७०-८० च्या वेगात थरथरू लागली की लगेच अलाइनमेंटवर (चाकांची दिशा जुळवण्यावर) पैसे घालू नका. सोयाबीनच्या दिवसांत ओल्या वावरातून गाडी काढली की काळी माती रिमला आतून चिकटून वाळते. तेवढ्यानंही चाकाचा बॅलन्स जातो. ती खरवडूनही फरक नाही? मग उभ्या गाडीत, न्यूट्रलवर रेस द्या. तेव्हाही हादरली तर इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिनखालचे रबरी आधार, बघा. फक्त पळताना स्टिअरिंग हललं तर पुढची चाकं, सीट हलली तर मागची, नाहीतर प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा. इंजिन बंद करून, चाकांना दगड लावून शाफ्ट हातानं हलवा. क्रॉसमध्ये ढिलाई जाणवायला नको. शाफ्ट उतरवण्याआधी मात्र जोडावर खूण कराच, म्हणजे तो परत होता तसाच बसेल. मेकॅनिक ‘लक्षात राहते जी’ म्हणेल, तरीही.