झरा कोणत्या गटात येतो, ते आधी बघा

मी ठाणे जिल्ह्यात तीस वर्षं तलाठी होते, शेवटची काही वर्षं मंडळ अधिकारी. आता तलाठ्याच्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात हाक अजून 'तलाठीबाई' अशीच येते. भाताची खाचरं गोदामांखाली गेली, वरकसाचे (डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीचे) प्लॉट पडले, त्यांचे फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी, मीच लिहिल्या. निवृत्त झाल्यावर आम्ही सहा जणांनी मलंगगडाच्या पायथ्याशी एक छोटा ट्रस्ट काढला. डोंगरउताराची, झऱ्याची जमीन घ्यायची आणि ती तशीच राहू द्यायची, एवढंच त्याचं काम. बदलापूर, शहापूर, पनवेलकडून लोक विचारत असतात, की आम्हालाही असं करायचंय, सुरुवात कशी करू? त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते.

सगळी जमीन वाचवायला निघू नका. माझा भाचा दिव्याला राहतो, दोन खोल्यांत पाच माणसं. त्याला घर हवं आहे आणि ते ठाण्यात परवडत नाही म्हणून तो अंबरनाथ-बदलापूरकडे बघतो. त्याच्यासारखे लाखो आहेत. समृद्धी महामार्ग भिवंडीजवळ आमण्याला येऊन पोचला आहे, मुंबई-वडोदरा रस्ता बदलापूरजवळून डोंगराखालून पनवेलकडे निघाला आहे. इथे वस्ती वाढणार. ती वाढूच नये असं म्हणणाऱ्या माणसाला गावकरी चहा देतात, जमीन देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. आपण ठरवायचं ते एवढंच, की घरं कुठल्या गटात, म्हणजे नंबर दिलेल्या जमिनीच्या कुठल्या तुकड्यात, व्हावीत आणि कुठल्या गटात होऊ नयेत.

त्यासाठी मेच्या शेवटच्या आठवड्यात गावात जा. पाऊस पडायच्या आधी. गाव नकाशाची प्रत हातात घ्या आणि वाडीतल्या अशा एखाद्या बाईला बरोबर घ्या, जिने सून म्हणून आल्यापासून पाणी भरलं आहे. कोणता झरा मेमध्येही चालू असतो, कोणती बुडकी (उथळ छोटी विहीर) मार्चमध्येच आटते, ओहोळ पूर्वी कुठून वाहायचा, हे तिला पाठ असतं. ती दाखवील ती जागा नकाशावर पेन्सिलीने खुणा करून गट नंबराशी जुळवा. मग झऱ्याच्या वरचा उतार बघा. झऱ्याचं पाणी झऱ्यापाशी तयार होत नाही. वर कारवी, ऐन, कुडा असलेला उतार पावसाचं पाणी धरून ठेवतो, ते खाली येतं. झऱ्याची दोन गुंठे जागा घेतली आणि वरच्या उतारावर डोंगर कापून बंगले झाले, तर दोन उन्हाळ्यांत झरा जातो. आम्ही पहिल्या वर्षी बावीस गट बघितले आणि त्यातले पाचच निवडले. बाकीच्या सतरा गटांबद्दल मालकांना स्पष्ट सांगितलं, की तुम्ही खुशाल विका, आमची हरकत नाही. त्या एका वाक्यामुळे पुढची बोलणी सोपी झाली.

नेरुळच्या डीपीएस तलावाकडे बघा. जमीन तिथेच होती, कोणी भराव टाकून तिथे इमारत बांधली नव्हती. खाडीचं पाणी आत यायची वाट बंद झाली आणि २०२४ मध्ये तलाव कोरडा पडला, फ्लेमिंगोंचा पाणवठा गेला. शेजारी ठाणे खाडीचं अभयारण्य आहे, २०१५ मध्ये जाहीर झालेलं, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. एवढा मान असूनही पाण्याची वाट नकाशावर राखलेली नसेल तर असं होतं. म्हणून गट निवडताना पाणी येतं कुठून आणि जातं कुठून, या दोन्ही टोकांचे गट नंबर लिहून काढा.

आता कागद. माझं आयुष्य यात गेलं, म्हणून इथे जरा जास्त लिहिते.

प्रत्येक गटाचा सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि मागचे सगळे फेरफार काढा. ताज्या सातबाऱ्यावर विसंबू नका. भोगवटादार, म्हणजे जमीन धारण करणारा, वर्ग १ आहे की वर्ग २, ते पाहा. वर्ग २ असेल तर जमीन हस्तांतराला परवानगी लागते. 'इतर हक्क' हा रकाना सावकाश वाचा. सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुळाचं नाव, कधी विहिरीतला हिस्सा, कधी वहिवाटीचा रस्ता, सगळं तिथेच असतं. पोटखराबा (लागवडीला न येणारी जागा) 'ब' मध्ये ओहोळ किंवा रस्ता नोंदलेला असेल तर ती नोंद आपल्या उपयोगाची आहे, कारण ती जागा सार्वजनिक वापराची म्हणून आधीच मान्य झालेली असते. डोंगराकडच्या गटांना भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५ च्या नोटिशीची, म्हणजे खाजगी वनाची नोंद आहे का, तेही तपासा. आपल्या जिल्ह्यात अशा नोंदींवर वर्षानुवर्षं वाद चालले आहेत. वाद चालू असलेला गट नव्या ट्रस्टने घेऊ नये, असं माझं मत आहे.

खातेदार आदिवासी असेल तर त्याची जमीन ट्रस्टच्या नावावर घ्यायचा विचारही करू नका. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ त्यासाठीच आहे आणि ते असायलाच हवं. ठाकूर, कातकरी, वारली वाड्यांच्या भोवतीचं जंगल राखायचं तर २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेला सामूहिक वनहक्काचा दावा करायला मदत करा. हक्क त्यांच्याकडे राहतो, जंगलही राहतं. यात ट्रस्टचं नाव कुठेच येत नाही. न येऊ दे.

वारस नोंदीबद्दल आमचाच अनुभव सांगते. एका काकांनी तीन एकर वरकस बक्षीस द्यायचं ठरवलं. सातबाऱ्यावर १.२१.४० हेक्टर, नाव त्यांचं एकट्याचं. मी जुने फेरफार काढले तेव्हा वडिलांच्या मृत्यूनंतरच्या वारस नोंदीत दोन मुलगे दिसले, मुली नाहीत. काकांना विचारलं तर म्हणाले, "बहीण आहे की, उल्हासनगरला. पण तिचा काय संबंध?" संबंध होता. वडिलोपार्जित जमिनीत हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि न वाटलेली जमीन एकाने परस्पर बक्षीस देऊन चालत नाही. आम्ही उल्हासनगरला गेलो. आत्या सत्तरीच्या. त्यांनी पैसे मागितले नाहीत. त्या गटात एक मोहाचं झाड आहे, त्याखाली त्यांच्या माहेरचा देव आहे. दरवर्षी तिथे नारळ फोडायला येऊ द्याल का, एवढंच विचारलं. आम्ही ते बक्षीसपत्रात कलम म्हणून लिहिलं: त्यांना आणि त्यांच्या वारसांना त्या झाडापर्यंत येण्याचा हक्क. मग त्यांची सही आणि काकांच्या भावाचीही. ही गोष्ट आठ महिने लांबली, पण नोंद पक्की झाली. तुमच्याकडे कोणी म्हणालं की बहिणींचं नंतर बघू, तर काम तिथेच थांबवा.

ट्रस्टची नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. उद्देशात 'पर्यावरण' असा मोघम शब्द टाकून मोकळे होऊ नका. पाणलोट क्षेत्र, जंगल आणि वन्यजीवांचं जतन असं नेमकं लिहा. याच कायद्याचं कलम ३६ आपल्याला सांभाळतं. ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायला, किंवा शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायला आधी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. उद्या आमच्या मुलांना मोह झाला तरी दोन सह्यांवर जमीन जाणार नाही. पण जमीन आली की बदल अर्ज करून ती ट्रस्टच्या नोंदवहीत चढवायला हवी, हे बरेच ट्रस्ट विसरतात.

ट्रस्ट शेतकरी नसतो. म्हणून महापालिकेच्या हद्दीबाहेरची शेतजमीन घेताना, फुकट मिळत असली तरी, कुळकायद्याच्या कलम ६३ खाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी लागते का, ते वकिलाकडून लेखी घ्या. परवानगी लागत असताना न घेता केलेला व्यवहार अवैध ठरतो. बक्षीसपत्र नोंदणीकृत, दोन साक्षीदारांसह. त्यानंतर फेरफार, नोटीस, पंधरा दिवस हरकतीसाठी आणि मग मंडळ अधिकाऱ्याचं प्रमाणीकरण. आमच्या एका फेरफाराला एका दलालाने हरकत घेतली आणि तो विवादग्रस्त नोंदवहीत गेला. तेव्हा तलाठीपणाचा काही उपयोग झाला नाही, सगळ्यांसारखी सुनावणीला उभी राहिले.

मोजणी करून घ्याच. क प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा मोजणीचा नकाशा, हातात आल्याशिवाय हद्दीच्या खुणा लावू नका.

ज्यांना जमीन द्यायची नाही पण बांधकामही करायचं नाही, असे शेजारी भेटतात आणि ते फार मोलाचे. आपल्याकडे जतनासाठीच्या बंधनाचा स्वतंत्र कायदा नाही. पण १८८२ चा सुविधाधिकार कायदा आहे. त्यात एका जमिनीच्या फायद्यासाठी दुसऱ्या जमिनीवर 'इथे अमुक करायचं नाही' असं बंधन घालता येतं. अट अशी की फायदा घेणारी जमीन आपल्या मालकीची हवी. म्हणून आधी झऱ्याची जागा ट्रस्टच्या नावावर करा, मग वरच्या उताराच्या मालकाकडून त्या झऱ्याच्या पाण्यासाठी उतार न कापण्याचा, बोअर न मारण्याचा नोंदणीकृत लेख घ्या. त्याची नोंद इतर हक्कात घालायला अर्ज करा, म्हणजे पुढच्या खरेदीदाराला 'मला माहीत नव्हतं' म्हणता येणार नाही. आमचा पहिला अर्ज एका कार्यालयातून दोनदा परत आला, तिसऱ्यांदा नोंद झाली. मालकाला त्याबद्दल आम्ही पैसे दिले. त्याने त्याच पैशात खालच्या गटातली विहीर बांधून घेतली.

बिल्डरशीही बोला, आणि लवकर बोला. बांधकाम नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या लेआउटमध्ये दहा टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. बहुतेक आराखड्यांत ती कुठल्या तरी कोपऱ्यात तुकड्यांनी दाखवलेली असते. आमच्या शेजारच्या लेआउटच्या आर्किटेक्टला आम्ही ओहोळाचा नकाशा दिला आणि विनंती केली, की तुमची मोकळी जागा सलग ओहोळाकाठी आणा. त्यांचा एक चौरस फूटही कमी झाला नाही. ओहोळाला दोन्ही बाजूंनी श्वास मिळाला, आणि त्या इमारतींतली मुलं आता तिथे खेळतात. मंजुरीनंतर गेलो असतो तर काही झालं नसतं.

तसंच झोन दाखला (गट आराखड्यात कोणत्या वापराच्या पट्ट्यात आहे ते सांगणारा) काढून ठेवा आणि आराखड्याचा मसुदा कधी प्रसिद्ध होतो त्यावर लक्ष ठेवा. विकास आराखडा असेल तर हरकती-सूचनांना साधारण तीस दिवस मिळतात. 'निसर्ग वाचवा' असं लिहिलेली हरकत सुनावणीत दोन मिनिटांत संपते. गट नंबर, झऱ्याचं ठिकाण, त्यावर पाणी भरणारी घरं, आणि रस्ता कोणत्या शेजारच्या गटातून नेता येईल, एवढं एका पानावर लिहा. पर्याय दिला की नगररचनाकार ऐकतात.

जमीन मिळाल्यावर ती रिकामी टाकू नका, वर्षभरात कोणीतरी पत्रे ठोकतं. आम्ही दसऱ्यानंतर गवत कापायला वाडीतल्यांनाच देतो. जानेवारी-फेब्रुवारीत त्यांच्याबरोबर जाळरेषा (आग अडवायला गवत काढून मोकळी केलेली पट्टी) काढतो, कारण वणवा बहुतेक वेळा रस्त्याकडून येतो. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी झऱ्याखाली वीस लिटरची कॅन लावून ती किती सेकंदांत भरते ते वहीत लिहितो: तारीख, सेकंद, लिहिणाऱ्याची सही. मेची नोंद कधीच चुकवायची नाही. सुनावणीला जाताना हीच वही बरोबर न्या, आणि तिची झेरॉक्स आवक शिक्का मारून घेऊन द्या.